साठा भरलेला असताना डिझेलचा दर का उतरत नाही? सीमाभागातल्या गाडीवाल्यांसाठी धागा

चोर्लावाला | १५ जून २०२५, रात्री १०.४०

नमस्कार मंडळी. माझ्या दोन पिकअप गाड्या आहेत. बेळगावच्या मार्केट यार्डात भाजी भरायची आणि चोर्ला घाट उतरून सकाळच्या बाजाराला गोव्यात पोचायचं, हा रोजचा धंदा. एका गाडीला येऊन-जाऊन वीसेक लिटर डिझेल जातं. लिटरमागं दोन रुपये वाढले की महिन्याला गाडीमागं हजारभर रुपये गेले. भाडं मात्र वर्षाचं ठरलेलं, ते वाढवून द्यायला समोरचा व्यापारी तयार नाही.

शुक्रवारपासून इराण-इस्रायलच्या बातम्या बघायलोय. कच्चं तेल एका दिवसात बॅरलमागं पाच डॉलरनं चढलं म्हणे. आमचे आप्पा ऐकायला तयार नाहीत. ९०-९१ च्या आखाती युद्धात त्यांनी कॅन घेऊन रांगा लावल्यात, त्यामुळं "दोनशे लिटरचे दोन बॅरल आजच भरून शेडमध्ये ठेव" असा त्यांचा धोशा चाललाय. दुसरीकडं व्हॉट्सअॅपवर मेसेज फिरायलाय की कर्नाटकाच्या किनाऱ्यावर मंगळूर आणि पादूरला डोंगराच्या पोटात सरकारनं तेल साठवून ठेवलंय, काळजीचं कारण नाही.

माझे दोन प्रश्न. साठा आहे तर तो सोडून दर खाली का आणत नाहीत? आणि आप्पांचं ऐकून बॅरल भरू का नको? जाणकारांनी मनापासून सांगावं.

कोगनोळी नाका | १५ जून, रात्री ११.१५

मी निपाणी भागात, कर्नाटकाच्या हद्दीत, पंपावर मॅनेजर आहे. आधी दुसऱ्या प्रश्नाचं सांगतो. आज दुपारीच टँकर आला. नेहमीसारखं सील बघितलं, डिप घेतला म्हणजे पट्टी बुडवून मालाची पातळी मोजली, डेन्सिटी (घनता) काढून चलनावरच्या आकड्याशी ताडून बघितली, मगच माल टाकीत उतरवला. डेपोतून माल कमी येतोय असं काही नाही. दर रोज सकाळी सहाला कंपनीकडून येतो. शुक्रवार, शनिवार, आज, तिन्ही दिवस आकडा तोच आहे.

बॅरलचं म्हणाल तर आज संध्याकाळपासून लोक कॅन घेऊन यायला लागलेत. असल्या भीतीनंच पंप कोरडे पडतात. माझ्या टाकीत जे असतं ते नेहमीच्या गिऱ्हाईकाला पुरेल असं मागवलेलं असतं. दहा जणांनी दोन-दोन बॅरल नेले तर अकरावा माणूस टंचाई आली म्हणून बोंब मारणार. मग ती बातमी सीमेपलीकडं महाराष्ट्रातल्या कागलपर्यंत जायला तास लागत नाही.

कातळ | १६ जून, सकाळी ७.०५

मी मूळचा खानापूर तालुक्यातला. किनाऱ्यावरच्या एका रिफायनरीत सव्वीस वर्षं काढली, आता निवृत्त आहे. पहिला प्रश्न माझ्या जिव्हाळ्याचा आहे म्हणून जरा विस्तारानं लिहितो.

आपल्याकडं पूर्वी शाळू पेवात साठवायचे. जमिनीत खणलेलं पेव, आत कडब्याचं अस्तर, वर मातीनं लिंपलेलं तोंड. सांगलीजवळ हरिपूरला हळदीची पेवं अगदी अलीकडंपर्यंत होती. आता विचार करा, पेव भरलेलं आहे पण गावातली गिरणी बंद आहे. पेव उघडलं म्हणून भाकरी मिळेल का? देशाच्या साठ्याचं तेच आहे. मंगळूर, पादूर, विशाखापट्टणम या तिन्ही ठिकाणी आहे ते कच्चं तेल. ते तुमच्या गाडीत घालता येत नाही. मधे गिरणी, म्हणजे रिफायनरी लागते.

साठ्याचे आकडे असे आहेत. विशाखापट्टणम १३.३ लाख टन, मंगळूर १५ लाख टन, पादूर २५ लाख टन. एकूण ५३.३ लाख टन. २०१९-२० च्या वापराचा हिशेब धरला तर हे देशाला साडेनऊ दिवस पुरतं. याशिवाय तेल कंपन्यांच्या टाक्यांत, पाइपलाइनींत, रिफायनरींत कच्चं आणि तयार मिळून साठ-पासष्ट दिवसांचं असतं. तो आकडा मोठा आहे पण तो रोजच्या चालत्या धंद्यातला माल आहे. संकटासाठी बाजूला काढलेलं फक्त ते साडेनऊ दिवसांचं.

मंगळूरच्या गुहेचं खोदकाम चालू असताना एकदा आत जायला मिळालं होतं. बोगद्यातून उताराला लागलं की हवा दमट होत जाते. खाली गेल्यावर मान वर केली तर छत दिव्याच्या उजेडात नीट दिसेना, दहा मजल्यांची इमारत आत उभी राहील एवढी उंची. आणि सगळ्या भिंती पाझरत होत्या. मी बरोबरच्या इंजिनिअरला विचारलं, एवढी गळती आणि इथं तेल ठेवणार? तो म्हणाला, "हीच तर राखण आहे." खडकातल्या पाण्याचा दाब तेलाच्या दाबापेक्षा जास्त ठेवायचा, म्हणजे पाणी आत झिरपतं पण तेल बाहेर जात नाही. झिरपलेलं पाणी तळाशी जमतं, ते उपसून काढायचं. पत्र्याचं अस्तर नाही, सिमेंटची टाकी नाही, निव्वळ कातळ आणि पाणी. माझं इथलं नाव त्या दिवसावरूनच घेतलंय.

तर चोर्लावाले भाऊ, हा साठा दर पाडण्यासाठी केलेलाच नाही. इराणलगतची होर्मुझची सामुद्रधुनी खरोखर बंद झाली, जहाजं यायची थांबली, तर गिरणी चालू राहावी एवढ्यासाठी तो आहे. जगातलं रोजचं साधारण पाचवा हिस्सा तेल त्या चिंचोळ्या वाटेतून जातं.

उद्यमबाग १९८७ | १६ जून, सकाळी ९.३०

काका, एक शंका. २०२१ च्या नोव्हेंबरात आपल्या सरकारनं अमेरिकेबरोबर साठ्यातलं तेल सोडायचं जाहीर केलं होतं की. तेव्हा कारण दर उतरवायचं हेच सांगितलं होतं. मग दर पाडण्यासाठी नाही असं कसं म्हणता?

कातळ | १६ जून, सकाळी १०.१०

बरोबर आहे तुमचं, मी जरा जास्तच ठाम लिहिलं. तेव्हा भारतानं ५० लाख बॅरल (हे तेलबाजारातलं माप, आप्पांचं पिंप नव्हे) सोडायचं ठरवलं, अमेरिकेनं ५ कोटी. पण आपलं ५० लाख बॅरल म्हणजे देशाच्या जेमतेम एका दिवसाच्या वापराइतकं. एवढ्यानं जगाचा बाजार हलत नाही. अमेरिकेचा साठा अवाढव्य आहे, तिथं परिणाम दिसू शकतो. त्याबद्दल तिकडं राहणारं कोणी असेल तर लिहावं.

यळ्ळूरकर | १७ जून, पहाटे ४.५०

मी यळ्ळूरचा, बारा वर्षं टेक्सासमध्ये नोकरीला आहे. काकांनी हाक दिली म्हणून लिहितो.

इथला साठा टेक्सास आणि लुइझियानामध्ये मिठाच्या थरांत कोरलेल्या पोकळ्यांत आहे. १९७३ ला अरब देशांनी तेल तोडलं, त्यानंतर १९७५ ला कायदा करून हा उभा केला. क्षमता ७० कोटी बॅरलच्या वर. अध्यक्षांनी हुकूम दिल्यापासून तेल बाजारात पोचायला तेरा दिवस लागतात.

२०१७ च्या ऑगस्टमध्ये हार्वे वादळ आलं तेव्हा मी इथंच होतो. आमच्या रस्त्यावर कमरेएवढं पाणी होतं. देशाची जवळजवळ पाव रिफायनिंग क्षमता बंद पडली. तेव्हा काय झालं बघा. कच्च्या तेलाचा दर उतरला, कारण ते घ्यायला रिफायनऱ्याच चालू नव्हत्या. आणि पेट्रोल आठवड्याभरात गॅलनमागं (म्हणजे पावणेचार लिटरमागं) पाव डॉलरहून जास्त चढलं. एकाच आठवड्यात कच्चं खाली, पक्कं वर. पंपासमोर रांगेत उभा होतो तेव्हा मला हे कळत नव्हतं, नंतर वाचून कळलं. सरकारनं साठ्यातून सुमारे ५२ लाख बॅरल रिफायनऱ्यांना उसने दिले. पण ज्या गिरण्या पाण्यात होत्या त्यांना त्याचा काय उपयोग?

दुसरं उदाहरण माझ्या खिशाला जास्त लागलं. २००८ च्या जुलैत कच्चं तेल १४७ डॉलरपर्यंत गेलं होतं, तेव्हा इथं पेट्रोल गॅलनला सरासरी ४.११ डॉलर होतं. २०२२ च्या जूनमध्ये कच्चं तेल १२० च्या आसपास होतं आणि पेट्रोल ५ डॉलरच्या वर. कच्चं स्वस्त असूनही पेट्रोल महाग कसं? मधल्या काळात महागाई झाली हे खरं, पण मोठं कारण रिफायनऱ्या. कोविडमध्ये खप पडला तेव्हा काही कायमच्या बंद झाल्या. त्याआधी २०१९ ला फिलाडेल्फियाची जुनी रिफायनरी आगीनंतर बंद झाली होती. अमेरिकेची क्षमता दोन वर्षांत दिवसाला दहा लाख बॅरलनं घटली. गिरण्या कमी, दळण तेवढंच, मग दळणाची मजुरी वाढली. ती मजुरी म्हणजे रिफायनिंग मार्जिन.

त्याच वर्षी सरकारनं सहा महिन्यांत १८ कोटी बॅरल सोडले. आमच्या अर्थखात्याच्या अंदाजानुसार मित्रदेशांच्या साठ्यासकट त्यामुळं पेट्रोल गॅलनला १७ ते ४२ सेंटांनी उतरलं. म्हणजे फरक पडला. नाही असं नाही. पण पाच डॉलरमध्ये तो केवढा, ते तुम्हीच बघा.

चोर्लावाला | १७ जून, दुपारी २.२०

यळ्ळूरकर भाऊ, काका, मनापासून आभार. पेव आणि गिरणीचं आप्पांना वाचून दाखवलं. आमच्या आजोळी कडोलीला पेव होतं म्हणाले, उघडल्यावर लगेच आत उतरायचं नाही, माणूस गुदमरतो, हे त्यांनी लहानपणी ऐकलंय. बॅरलचा हट्ट अजून सुटलेला नाही.

उद्यमबाग १९८७ | १७ जून, रात्री ९.००

मग सरळ आहे की. गिरण्या वाढवा. रत्नागिरीला सहा कोटी टनांची रिफायनरी होणार होती. नाणारला नको म्हणाले, मग बारसूला नको म्हणाले. झाली असती तर बेळगावला दोनशे किलोमीटरवरून डिझेल आलं असतं. आमच्या फाउंड्रीत लाइट गेली की जनरेटरवर भट्टी सांभाळावी लागते, वितळलेला रस थिजू द्यायचा नसतो. त्या वेळी डिझेलचा एकेक रुपया दिसतो. विरोध करणाऱ्यांनी आमच्यासारख्यांचा विचार केला का?

राजापूरची सून | १७ जून, रात्री १०.३५

दादा, माझं माहेर टिळकवाडी, सासर राजापूर तालुक्यात. तुमच्या भट्टीचं कळतं, माझे वडीलही उद्यमबागेत टर्नर होते. पण २०२३ च्या एप्रिलमध्ये बारसूच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, माती परीक्षण आलं तेव्हा आमच्या सासूबाई इतर बायकांबरोबर भर उन्हात तिथं बसल्या होत्या. आंब्याच्या कलमांवर घर चालतं आमचं. त्या सड्यावर कातळशिल्पं आहेत, हजारो वर्षांची. विचार केला नाही असं म्हणू नका. आणि मला खरंच जाणून घ्यायचंय, तिथं रिफायनरी झाल्यानं तुमचं डिझेल स्वस्त झालं असतं हे कुणी सांगितलं?

कातळ | १८ जून, सकाळी ६.४०

ताईंचा प्रश्न नेमका आहे. उत्तर माझ्या जुन्या सहकाऱ्यांना आवडणार नाही पण लिहितो.

भारतात गिरण्यांची टंचाई नाही. देशाची क्षमता वर्षाला सुमारे २५ कोटी टनांच्या वर आहे आणि आपला खप त्याहून थोडा कमी. जामनगरसारखं जगातलं सगळ्यात मोठं संकुल आपल्याकडं आहे, मंगळूरची दीड कोटी टनांची आहे. आपण पेट्रोल-डिझेल परदेशात विकतो. टंचाई आहे ती कच्च्याची, ८५ टक्क्यांहून जास्त बाहेरून आणावं लागतं. अमेरिकेचा रोग वेगळा, आपला वेगळा.

पण रिफायनरी शेजारी असली म्हणून माल स्वस्त मिळत नाही. रंगराजन समितीनं २००६ मध्ये सुचवलेली पद्धत अशी की रिफायनरीनं कंपनीला लावायचा भाव ८० टक्के आयात-भावावर आणि २० टक्के निर्यात-भावावर बांधायचा. म्हणजे मंगळूरमध्ये तयार झालेलं डिझेलसुद्धा आखातातून तयार डिझेल आणलं असतं तर काय पडलं असतं, त्या हिशेबानं. त्यामुळं अमेरिकेत, युरोपात गिरण्या कमी पडल्या की दळणाची मजुरी जगभर चढते आणि ती आपल्या भावातही येते, आपल्या गिरण्या भरपूर असल्या तरी. २०२२ मध्ये तेच झालं. बाहेर एवढा नफा सुटत होता की केंद्रानं जुलैत निर्यातीवर पेट्रोलला लिटरमागं ६ आणि डिझेलला १३ रुपये कर लावला, माल देशात राहावा म्हणून.

बारसूला रिफायनरी झाली असती तर टँकरचं भाडं वाचलं असतं. लिटरमागं काही पैसे. उद्यमबागचे भाऊ, रुपये नव्हेत.

मराठा मंडळ चौक | १८ जून, रात्री ८.१५

मी कॉलेजात अर्थशास्त्र शिकवते. एवढी चांगली चर्चा चाललीय आणि आपल्या नाकासमोरची गोष्ट कुणी लिहिली नाही म्हणून लिहिते.

२०२० च्या एप्रिल-मेमध्ये सरकारनं ही पेवं सरासरी १९ डॉलर बॅरलनं भरून घेतली. सुमारे पाच हजार कोटी रुपये वाचले. शहाणपणाचं काम होतं, मी वर्गात आवर्जून सांगते. पण त्याच मे महिन्यात केंद्रानं पेट्रोलवर १० आणि डिझेलवर १३ रुपये उत्पादन शुल्क वाढवलं. कच्चं तेल मातीमोल झालेलं असताना पंपावरचा दर उतरला नाही तो त्यामुळं.

आता आपल्या सीमेवर या. २०२१ च्या दिवाळीत केंद्रानं शुल्क घटवलं, कर्नाटकानं वर आणखी सात-सात रुपये कमी केले, महाराष्ट्रानं तेव्हा केले नाहीत. मुंबईत पेट्रोल १०९.९८ आणि बंगळूरला १००.५८. आज मुंबईत १०३.५० आणि बंगळूरला १०२.९२. डिझेल तर उलटं झालंय. मुंबईत ९० च्या जवळ, बंगळूरला ९१ च्या. कारण कर्नाटकानं १५ जून २०२४ ला पेट्रोलवरचा विक्रीकर २५.९२ वरून २९.८४ टक्के केला, डिझेलवरचा १४.३ वरून १८.४, आणि यंदा एप्रिलमध्ये डिझेलचा २१.१७. यात ना रिफायनरीचा संबंध, ना साठ्याचा. सीमेवरच्या दूधगंगा नदीच्या अलीकडं-पलीकडं तेच डिझेल आहे. नऊ रुपयांचं अंतर मिटून उलटं होतं ते दोन राज्य सरकारांच्या निर्णयांनी.

मला याचा राग येतो तो एवढ्यासाठी की लोकांना इराण दिसतो, होर्मुझ दिसतो, आणि घरातला कर दिसत नाही.

कोगनोळी नाका | १८ जून, रात्री ९.२५

ताईंनी लिहिलेलं मी पंपावर उभा राहून बघितलंय. २०२१-२२ ला कोल्हापूरच्या, एमएच ०९ च्या गाड्या कागलहून फक्त टाकी भरायला यायच्या. रविवारी रांग हायवेच्या सर्व्हिस रोडपर्यंत. आम्ही दोन पोरं जादा ठेवली होती. गेल्या वर्षीच्या जूननंतर रांग पातळ झाली. यंदा एप्रिलपासून ट्रकवाले कागलला भरून येतात आणि आमच्यासमोरून हॉर्न वाजवत सरळ जातात. ती दोन्ही पोरं आता नाहीत, एक पुण्याला गेला.

ऊसवाला चिकोडी | १९ जून, सकाळी ८.००

इथेनॉलचं कुणी बोलंना म्हणून मी बोलतो. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल जातंय, त्यात आमच्या उसाचं पण आहे. रसापासूनच्या इथेनॉलला लिटरला ६५.६१ रुपये सरकारी दर आहे. तेवढं कच्चं तेल कमी आणावं लागतं, हा पण साठाच म्हणायचा की. पण डिझेलला त्याचा उपयोग नाही, त्यामुळं चोर्लावाल्या भावांना काही फरक पडायचा नाही. आणि पेट्रोलवाल्यांना पण दर कमी झालेला दिसला नाही, हे मी शेतकरी असून कबूल करतो.

यळ्ळूरकर | २३ जून, पहाटे ५.३०

काल अमेरिकेनं इराणवर हल्ला केला. आज ब्रेंट, म्हणजे ज्यावरून जगाचा भाव मोजतात ते कच्चं तेल, ८० डॉलरला टेकलंय. इराणच्या संसदेनं होर्मुझ बंद करायच्या बाजूनं मत दिलंय. चोर्लावाले, तिकडं पंपावर काय परिस्थिती?

कोगनोळी नाका | २३ जून, सकाळी ६.२०

सहाचा मेसेज आला. दर तोच. माल आहे. कॅनवाल्यांना कालपासून परत पाठवायलोय.

कातळ | २५ जून, सकाळी ७.३०

युद्धबंदी झाली, ब्रेंट ६७-६८ वर आलं. जिथून निघालं होतं त्याच्याही खाली. बारा दिवसांत एवढं चढून उतरलं आणि पंपावर पैसाही हलला नाही. चढला नाही याचं बरं वाटतं, पण लक्षात घ्या, कंपन्यांनी रोजचा दर कागदावरच ठेवलाय. मार्च २०२४ ला दोन रुपये कमी केले त्यानंतर त्यांच्याकडून मोठा बदल नाही. चढताना आपल्याला झळ लागत नाही आणि उतरताना थेंबही मिळत नाही. दर रोज ठरायचा असेल तर तो दोन्ही बाजूंनी ठरावा, एवढं माझं म्हणणं आहे. साठ्याच्या दुसऱ्या टप्प्याला, ओडिशातल्या चांदीखोलला ४० लाख टन आणि पादूरला आणखी २५ लाख टन, २०२१ मध्ये मंजुरी मिळाली. ते काम लवकर व्हायला पाहिजे. साडेनऊ दिवस फार थोडे आहेत.

चोर्लावाला | २६ जून, रात्री ११.००

सगळ्यांचे आभार. बॅरल भरले नाहीत. त्याऐवजी अर्थशास्त्राच्या ताईंना व्यक्तिगत संदेश करून भाड्याच्या करारासाठी एक कलम लिहून घेतलं: डिझेल ठरलेल्या दरापेक्षा तीन रुपयांनी वर गेलं तर भाडं वाढेल आणि तीन रुपयांनी उतरलं तर कमी होईल. गोव्याच्या व्यापाऱ्याला आज दाखवलं. आधी नको म्हणाला. मग "उतरलं तर मलाही फायदा" हे वाक्य त्यानं दोनदा वाचलं आणि सही केली.

आप्पांनी तरी एक रिकामा बॅरल धुऊन शेडच्या कोपऱ्यात उभा करून ठेवलाय. राहू दे म्हटलं. उद्या पहाटे ढबू मिरची आणि कोबी भरायचाय. घाटात पाऊस लागलाय, जाणाऱ्यांनी जपून जा.